भाजलं तरी कळलं नाय

म्हसा, ता. मुरबाड
९ डिसेंबर २०२४

अनिता विहीणबाई,

फोनवर तुमी मला बोलू देत नाय. मी एक बोलले की तुमी चार बोलता, मग आमचा हरेश माझ्या हातातून फोन काढून घेतो. आता त्यानं तुमचा नंबरच बंद करून टाकलाय. म्हणून लिहिते. सातवीपर्यंत शिकलेली हाय मी.

तुमची कुणाली घेऊन जा.

लगीन होऊन चार वर्षं झाली, सून म्हणून आमी तिला कधी वाकडं बोललो नाय. पण आता माझ्यानं होत नाय. चुलीवर भात ठेवते आणि गोठ्यात जाऊन उभी राहते. हाक मारली तर नुसती बघते, ओ देत नाय. मधेच रडते. म्हणते, भिंतीपलीकडं कोणतरी बोलतंय. परवा ठमीला खळ्यावर उन्हात ठेवली आणि घरात येऊन बसली. दहा महिन्यांचं पोर ते. मी विचारलं, पोर कुठं हाय? तर म्हणते, कोणाचं पोर?

भगताकडं नेली. अंगारा दिला, दोरा बांधला. भगत म्हणाला, बाहेरचं काय नाय, हे माहेरचंच हाय.

आणि ठमी पण तशीच निघाली. गणपतीत बसत होती, हसत होती. आता मान टाकते. खुळखुळा वाजवला तरी बघत नाय. आमच्या मालकांना लोक बुवा म्हणतात, नामाबुवा. या माळकरी घराला आजवर कोणी बोट दाखवलं नाय. आता बाया मला विचारतात, नामाबुवांची नात अशी का? तुमच्यात कोणी वेडं होतं तर ते लग्नाआधी सांगायचं होतं.

पौषात आमच्याकडं जत्रा. घर पाहुण्यांनी भरतं. त्याच्या आधी दोघींना घेऊन जा.

हौसा

*

आटगाव, ता. शहापूर
१७ डिसेंबर २०२४

हौसाबाई,

वर नमस्कार लिहायची रीत आहे. हात वळला नाही.

पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि कुणालीचे बाबा जीप करून तुमच्या दारात आलो. तुम्ही या म्हणालात, पाणी दिलंत. पण माझ्या मुलीची पिशवी आधीच भरून ओटीवर ठेवली होती. नामाबुवा पोथी वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही. जावई कामावर गेलेत असं सांगितलंत, आणि त्यांची मोटारसायकल गोठ्याला टेकून उभी होती. मी तेव्हा भांडले नाही, कारण ठमी माझ्या मांडीवर होती आणि मांडीला तिचा भारच लागत नव्हता. आता भांडते.

वेड आमच्या रक्तात आहे म्हणता. ही मुलगी बारावी झाली. गावातली पोरं गणित शिकायला हिच्याकडे यायची. आमच्या ओटीवर जागा पुरायची नाही. काल मी तिला विचारलं, आज वार कोणता, तर तिला सांगता येईना. आपल्याला येत नाही हे कळून ती रडली. अशी मुलगी मी तुमच्या घरात दिली नव्हती.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. तुम्ही पाठवलं नाही. का, तर आमच्याकडे सुकट शिजते, चिंबोऱ्या शिजतात, आणि नामाबुवांचं नातवंड माळेच्या घरातच जन्मलं पाहिजे. मी गप्प बसले. ते नऊ महिने आणि पुढचे दहा महिने तिला खायला काय घातलंत? तिचे खांदे बघा, खुंटीला झगा अडकवल्यासारखा दिसतो.

आता मुख्य बोलते. घरी आल्यावर मी तिचे पाय धुवायला बसले. दोन्ही तळव्यांना भाजल्याचे चट्टे आहेत. एक अजून ओला आहे. भगत डाग देतात हे काय मला माहीत नाही? कशानं भाजलं विचारलं तर म्हणते, कळलं नाही. इतकी भ्यायली आहे ती तुम्हाला. कुणालीचे बाबा शांत माणूस, तेसुद्धा पोलिसात जाऊ म्हणतात. खरं काय ते लिहा, नाहीतर आम्ही जातोच.

अनिता

*

म्हसा
२४ डिसेंबर २०२४

विहीणबाई,

पोलिसात जायचं तर जावा. ठमीच्या गळ्याची शपथ, भगतानं तिला बोट लावलं नाय.

पाय चुलीपाशी भाजले. निखारा बाहेर पडला होता, ती त्याच्यावर पाय देऊन उभी राहिली आणि वरचं तांदळाचं डबडं काढत राहिली. भाजल्याचा वास मला आला, तिला नाय. मीच दंडाला धरून ओढली. ओढली म्हणून माझ्याकडं बघते, मी काय केलं म्हणून. असं दोनदा झालं. आता याला वेड नाय म्हणायचं तर काय म्हणायचं? पाय बधिर म्हणाल तर माझेपण हायत. चप्पल पायातून निघून गेली तर मला चार पावलं पुढं गेल्यावर समजतं. अंधारात भिंत धरून चालते. वय झालं की व्हायचंच. मी काय बोंबलत फिरते?

आणि खायला काय घातलं विचारता, ते ऐका. जे घरात शिजतं ते तिला मिळतं. जे तिला मिळतं तेच मला मिळतं. पुरुषमाणसांचं झालं की भात उरतो, डाळीचं वरचं पाणी उरतं, ते आमी दोघी खातो. मी लग्न होऊन आल्यापासून तेच खाते. मेले नाय. दूध डेअरीला जातं. चहापुरतं ठेवतो, मालकांना झोपताना पेलाभर लागतं, हरेशला दही लागतं. तीन म्हशी दारात हायत म्हणून काय बायांनी दूध प्यायला बसायचं?

तुमाला सांगायचं नव्हतं, पण तुमी पोलिसाचं नाव काढलंत म्हणून सांगते. मालकांनी हरेशसाठी दुसरीकडं बघायला सुरुवात केलीय.

हौसा

*

आटगाव
१० जानेवारी २०२५

हौसाबाई,

डाग दिलात असं मी लिहिलं, ते चुकलं. तेवढं मागे घेते. बाकीचं एक अक्षर मागे घेत नाही.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात ठमीचा हात थरथरायला लागला. आधी हात, मग मान, मग जीभसुद्धा. झोपली की थांबायचं, जागी झाली की पुन्हा सुरू. आम्ही तिला शहापूरला नेलं, तिथून कल्याणला पाठवलं. तिथल्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी ठमीच्या बोटांची पेरं बघितली. काळी पडली होती. केस बघितले, विरळ आणि तांबूस. मग त्यांनी पोरीला सोडून कुणालीला जीभ दाखवायला सांगितली. मला वाटलं, या बाई आता हिच्यात काय बघतात. जीभ लाल आणि गुळगुळीत, घासून पुसल्यासारखी.

त्यांनी विचारलं, बाळ काय खातं? मी सांगितलं, आईचं दूध आणि भाताची पेज. मग विचारलं, आई काय खाते? तुम्ही मला जे लिहून कळवलंत तेच मी सांगितलं. भात आणि डाळीचं वरचं पाणी. पायांचं सांगितलं, भिंतीपलीकडच्या बोलण्याचं सांगितलं. बाईंनी ते सगळं कागदावर लिहून घेतलं. मग दोघींचं रक्त तपासायला पाठवलं.

बी-ट्वेल्व्ह म्हणून एक जीवनसत्त्व असतं. दूध, दही, अंडी, मासळी, मटण यांत असतं. भातात नसतं, भाजीत नसतं. ते अंगात नसलं की नसा सुकतात आणि मेंदू मंदावतो. माणूस विसरतं, उदास होतं, नसलेले आवाज ऐकतं, पायाखाली विस्तव आला तरी त्याला कळत नाही. कुणालीच्या अंगात ते जवळजवळ उरलंच नव्हतं. जे आईत नाही ते तिच्या दुधात कुठून येणार? मेंदू वाढायचं पोराचं हेच वय, आणि आमच्या ठमीला त्यासाठी लागणारी वस्तूच मिळत नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे वेड नाही. पोट भरलेलं दिसतं, पण ही उपासमारच आहे."

दोघींना इंजेक्शनं सुरू केली. आधी थरथर वाढली. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला, त्या म्हणाल्या, असं होतं, थांबा. मग थरथर कमी झाली. आणि परवा सकाळी ठमी अंगणातल्या कोंबडीकडे बघून हसली. कुणालीचे बाबा तिला पुन्हा हसवायला त्या कोंबडीमागे अंगणभर धावले. पण किती भरून येईल ते बाई सांगू शकत नाहीत. चालायला, बोलायला उशीर होईल, काही राहूनही जाईल. जे महिने गेले ते गेले.

मी माळेला दोष देते असं समजू नका. माझा सख्खा भाऊ बारकू माळकरी आहे. त्याच्या घरात बायकोपोरांच्या ताटात दह्याची वाटी असते, सगळ्यांची डोकी जागेवर आहेत. तुमच्या दारात तीन म्हशी. तिथे बाळंतिणीला पेलाभर दूध दिलं असतं तर माळ तुटली नसती. ते दूध रोज पहाटे कॅनमधून डेअरीला गेलं, आणि उरलेलं दोन पुरुषांच्या पोटात गेलं. आणि वर भगताला विचारता, हिच्यात काय शिरलंय? तिच्यात काही शिरलं नव्हतं, हौसाबाई. तुम्ही तिच्यात काही जाऊच दिलं नव्हतं.

तुमचेही पाय बधिर आहेत असं तुम्हीच लिहिलंत. ते वयाचं नाही. रक्त तपासून घ्या. मला तुमची दया आलेली नाही, मी अजून संतापलेलीच आहे. पण कळूनही सांगितलं नाही असं व्हायला नको.

अनिता

*

म्हसा
२८ जानेवारी २०२५

विहीणबाई,

तुमचं पत्र मी मालकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, डॉक्टरांना इंजेक्शनं खपवायची असतात, आणि आटगाववाल्यांना आपली खोट आमच्यावर ढकलायची हाय. हरेश मधेच उठून गेला. जेवला नाय त्या दिवशी.

मला पण राग आला. सून वेडी, नात वेडी, आता सासूला पण वेडी ठरवायचं बाकी होतं. तुमाला उत्तर द्यायचं नाय असं मी ठरवलं होतं.

पण एक झालं. कोणाला सांगू नका.

जत्रेत मी बैलबाजाराच्या बाजूला शेजारणीबरोबर गेले होते. ती घोंगड्या बघत राहिली, मी पुढं आले. आणि मला घरचा रस्ता आठवंना. म्हशातच लगीन होऊन आले, म्हशातच म्हातारी झाले. देवळाकडं तोंड करून उभी होते, आणि घर कोणत्या अंगाला ते डोक्यात येईना. माणसं धक्का मारून जात होती. कोणाला विचारायचं तर काय विचारू? नामाबुवांची बायको आपल्याच गावात घर विचारते? शेवटी शेजारीणच शोधत आली. मी म्हटलं, चक्कर आली.

आधी पण असं होतं. घरात सगळी मला इसरभोळी म्हणतात. मीठ दोनदा पडतं म्हणून मालकांनी ताट सरकवलंय कितीदा. मला वाटायचं, मीच अशी.

ठमी हसते का अजून?

हौसा

*

आटगाव
२ फेब्रुवारी २०२५

हौसाबाई,

हसते.

शनिवारी सकाळी मी जीपने मुरबाडला येते. एसटी स्टँडवर थांबते. तुम्ही या. नामाबुवांना विचारू नका, सांगा. सांगताना भीती वाटली तर न सांगता या. चपलेला मागून पट्टा लावून घ्या.

तुमच्याशी गोड बोलायला येत नाही. रक्त काढायला येते.

अनिता

*

म्हसा
२० मार्च २०२५

विहीणबाई,

इंजेक्शनं चालू हायत, बरोबर रोजची गोळी पण दिलीय. मुरबाडला जाऊन घेते. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं गेलीत, पायांचं सगळं परत येणार नाय. पण डोकं थोडं हलकं वाटतं. मीठ एकदाच पडतं.

त्या शनिवारी तुमी डॉक्टरपुढं मला विचारलंत की घरात असं आणखी कोणाला होतं का, आणि मी नाय म्हणाले. ते खोटं होतं. माझी सासू शेवटची दोन वर्षं ओटीवरच्या खांबाला बांधलेली होती. रानात निघून जायची, अंगावरचं लुगडं फेडायची. तिला पण खायला तेच होतं. आमी सगळी म्हणायचो, तिला लागिर झालंय. तिला काय झालं होतं ते आता कोण सांगणार? पण परवा भांडी घासताना मला तो खांब दिसला आणि हातातलं भांडं मी असं आपटलं की मालक बाहेर आले, काय झालं म्हणून. मी काय सांगितलं नाय.

घरात बोलणं झालं. मालक म्हणतात, नातीसाठी पेलाभर दूध बाजूला काढा, आमची ना नाय. मी म्हटलं, आणि सुनेला? तर म्हणाले, बायांनी दूध मागायला त्या काय लेकरं हायत? मी ताटं उचलून आत गेले. माझी गोळी मी लपवून ठेवते.

आता कुणाली बरी हाय तर पाठवून द्या. दुसरीकडं बघायचं हरेशनं बंद करायला लावलंय. तो येईल न्यायला. लोक विचारतात, सून कुठं हाय? ती आली की मी तिला माझ्यातलं, ताटातलं नि गोळ्यांतलं, देईन. जमेल तसं करू.

हौसा

*

आटगाव
६ एप्रिल २०२५

आई,

तुमच्या पत्राला माझी आई उत्तर लिहायला बसली होती. मी तिच्या हातातून पेन घेतलं. माझ्याबद्दल तुम्ही दोघींनी खूप लिहिलंत, आता मी लिहिते.

हरेश आले होते. बर्फी आणली, ठमीला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवली. ती आता टेकून बसते, हाक मारली की वळते. तिच्या वयाची शेजारची मुलगी धावते. हरेशनी ते बघितलं. मग मला म्हणाले, बरी झालीस ना, चल.

मी विचारलं, डॉक्टरांना सापडलं नसतं तर काय केलं असतंत? ते म्हणाले, आता कशाला ते. मी पुन्हा विचारलं. तर म्हणाले, आबा वडील आहेत, त्यांच्या पुढे मला जाता येत नाही. मी म्हटलं, मी भिंतीतले आवाज ऐकत होते तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसून दही खात होतात. त्यात आबा कुठे आले?

ते रात्री थांबले नाहीत. शेवटच्या जीपने गेले.

मला सगळं आठवत नाही. मधे मधे भोकं आहेत. ठमी उन्हात होती ते तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं, आणि ते वाचून मी दिवसभर तिला खाली ठेवली नाही. पण एक आठवतं. मी पोटुशी होते तेव्हा एकदा दह्याच्या भांड्याला चिकटलेली साय बोटानं काढून खाल्ली. आबांनी बघितलं. दुसऱ्या दिवसापासून ते भांडं वरच्या फळीवर गेलं. तुम्हीच ठेवलंत ते वर. तुमची उंची पुरत नव्हती, पाटावर चढून ठेवलंत. तुम्हालाही ते नको होतं हे मला तेव्हाही दिसलं होतं.

मी येणार नाही. तुमच्यातलं मला देऊ नका. तुमच्यात आहेच किती? जमेल तसं करायला मला यायचं नाही. ठमीच्या दुधाची परवानगी मागणाऱ्या घरात मी तिला वाढवणार नाही. तुमची नात आहे, तुम्हाला भेटायची तर कधीही या, इथे तुमच्यासाठी वेगळं भांडं आहे, त्यात मासळी शिजत नाही. हरेशना यायचं असेल तर आबांना आधी घरात काय ते बोलून मग यावं. बर्फी आणू नये.

मागच्या आठवड्यात बाबांनी सहज म्हटलं, झालं ते झालं, चार दिवसांनी सगळं निवळतं. मला इतका संताप आला की मी हातातलं ताट ठेवलं आणि त्यांना वाट्टेल ते बोलले. बोलता बोलता माझं मलाच कळलं, मला राग आलाय. वर्षभर मला रागसुद्धा येत नव्हता. भाजलेलं कळत नव्हतं, भूक कळत नव्हती, पोर रडलेलं कळत नव्हतं. मी थांबले तेव्हा आई पदर तोंडाला लावून रडत होती. मला वाटलं तिला लागलं. ती म्हणाली, "बोल गो, थांबू नको. आली माझी पोरगी परत."

तुमचा राग आजवर माझ्यावर आणि आईवर निघाला. भांडं आपटलंत ते वाचून मला बरं वाटलं. आबा बाहेर आले तर पुढच्या वेळी सांगा त्यांना काय झालं ते.

तोवर इंजेक्शन चुकवू नका.

कुणाली